राकेलचा वास

सोडियमची बाटली मी कपाटात ठेवते, कपाटाला कुलूप लावते, किल्ली पर्समध्ये टाकते आणि पर्स दिवसभर काखेतून काढत नाही. आमचे मुख्याध्यापक हसतात. "मॅडम, त्यात काय सोनं आहे का?" म्हणतात. सोनं असतं तर मी एवढी धास्ती घेतली नसती. सोनं चोरून नेलं म्हणून कुणाच्या घरात आग लागत नाही.

मी मूळचीच संशयी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आठवड्याभरातच ओळखलं. "ही दूध तापवत नाही, दुधाची चौकशी करते," म्हणाल्या. खोटं कशाला बोलू? कुणाच्या घरी गेले की चहा सगळ्यांसारखा कपात येतो की माझ्यासाठी वेगळा ग्लास निघतो, हे डोळे आधी बघतात. आमच्या वस्तीत वाढलेल्या बाईला ही सवय शिकवावी लागत नाही. लोक म्हणतात, आता तसलं काही राहिलेलं नाही. नसेल. मी आपली बघते.

शाळा हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावापासून आत, एका लहान गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं ते तिथल्या एका घराचं आहे, गावाचं नाही. भोवती केळीच्या बागा, हळदीची शेतं. मी दहावीला विज्ञान शिकवते. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक नळ आणि डावा हात हरवलेला प्लास्टिकचा सांगाडा. पुस्तकात धातूंचा धडा आला की मी सोडियम दाखवते. नुसतं फळ्यावर लिहून सोडून देणाऱ्यांतली मी नाही.

चिमट्यानं तुकडा राकेलातून काढायचा, गाळण कागदावर टिपायचा, सुरीनं कापायचा. खवा कापावा तसा कापला जातो. आतून चांदीसारखा निघतो आणि बघता बघता मळकट होतो. मग पाण्यावर कागद तरंगत ठेवायचा आणि त्यावर डाळीएवढा तुकडा सोडायचा. सूं सूं करतो, धूर निघतो आणि भप्पकन पिवळी ज्वाळा उठते. पाण्यावर आग बघितली की आख्खा वर्ग बाकावर चढतो.

त्या वर्षी एक पोरगं म्हणालं, "मॅडम, ही तर भानामती झाली की."

"व्हय," मी म्हणाले. "दोरीवरची साडी आपोआप पेटली, नारळातून जाळ निघाला, असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, हे कुठून आणलं. देवाला विचारायच्या आधी माणसाला विचारायचं."

पोरं हसली. पुढच्या बाकावरची एक पोरगी हसली नाही, तिनं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. हुशार लेकरू. प्रयोग झाला की सामान आवरायला मी तिलाच ठेवून घ्यायची. सोडियम कापताना वरचे मळके कपचे उरतात, ते स्पिरिटच्या वाटीत टाकून मारायचे असतात, म्हणजे मग पेट घेत नाहीत. ते जोखमीचं काम मी फक्त तिच्याकडे दिलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि आमचे शिपाईमामा दारातच म्हणाले, "मॅडम, कळलं का? आपल्या खिचडीवाल्या बाईच्या घरी भानामती लागली. दोरीवरचे कपडे पेटून राहिले."

ही खिचडीवाली बाई म्हणजे त्या हुशार पोरीची काकू. शाळेत पोषण आहार शिजवायची. उंच, सावळी, अबोल. नवरा टेम्पो चालवायचा, तो दोन वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. पदरी मूलबाळ नाही. थोरला दीर, जाऊ आणि सासरे यांच्याबरोबर राहायची, आणि दिराची ही पोरगी तिच्याच कुशीत वाढलेली. पोरीची वेणीसुद्धा आई नाही, काकू शाळेत आल्यावर घालून द्यायची.

"देवऋषी काय म्हणतो?" मी मामांना विचारलं.

"म्हणतो, त्या बाईच्या नजरेत हाय. ती बघती अन् पेटतं."

हे सांगताना मामांचा चेहरा इतका गंभीर झाला की मला लगेच संशय आला. कारण तो देवऋषी मामांचा सख्खा मेहुणा.

दहावीच्या मुलांच्या पालकभेटीचं निमित्त काढून मी त्या घरी गेले. चहा कपात आला. बरं वाटलं, पण कान टवकारलेलेच होते. पोरीच्या आईनं जळके कपडे आणून पुढ्यात टाकले. धोतर, टॉवेल, परकर. कुठं भोक पडलेलं, कुठं काठ करपलेला. अंगणात बाजेवर वाळत घातलेली गोधडी मात्र धड होती.

"कोरडं काही जळलं का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. नुसतं ओलं. तेच तर नवल हाय. अन् राकेलचा वास येतो," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा, राकेल हाय कुठं? रेशनचं बंद होऊन किती वर्सं झाली. गावात थेंब सापडायचा न्हाई. म्हणून तर देवऋषी म्हणला, हे माणसाचं काम न्हाई."

मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं, सोडियम विझल्यावरच्या पाण्यासारखं, आणि जरा वेळानं बोट चुरचुरायला लागलं. गावात राकेल शिल्लक होतं. माझ्या कपाटात, माझ्या बाटलीत, माझ्या कुलपाआड.

तेवढ्यात काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली. खाली मान. तांब्या ठेवला आणि तशीच आत गेली. जिच्या मनात चोर असतो ती बाई असंच चालते, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडून बाटली हातात घेतली. हलकी वाटली. संशय आला की हाताला सगळंच हलकं लागतं, पण तेव्हा माझी खात्री झाली. आधी मामांना धरलं. किल्ली टेबलावर विसरल्यासारखी ठेवली आणि खिडकीआड उभी राहिले. मामा आले, किल्ली बघितली, उचलली आणि धावत सुटले. मी मागोमाग. मामा स्टाफरूम, मुख्याध्यापकांची केबिन, मुलींचं बाथरूम अशा सगळ्या दारांत ओरडत फिरले, "मॅडम, किल्ली राहिली वो तुमची!" शेवटी मीच त्यांना पाठीमागून गाठलं. एवढा साधा माणूस चोर असेल तर मी शिकवणं सोडून देईन, म्हटलं. मामांचं नाव मी मनातून काढून टाकलं. काढलं म्हणजे बाजूला ठेवलं.

मग काकू. स्वयंपाकाची खोली प्रयोगशाळेला लागून. पाणी भरायला ती आमच्याच नळावर यायची. आणि कारणही होतं. मामांनीच सांगितलं की तिला माहेरी, साखऱ्याला, कायमचं पाठवायचं घरात दिवाळीआधीच ठरलं होतं. नवरा नाही, लेकरू नाही, मग तिनं काहून राहायचं, असा थोरल्या दिराचा हिशोब. नवऱ्याच्या वाट्याचं शेत राहिलं असतं, बाई गेली असती. मग तिनं घाबरवायला हे केलं नसेल कशावरून? मी तिच्या जागी असते तर कदाचित केलं असतं. बाटलीच्या बुचावर मी दोरा बांधला, माझ्या हाताची गाठ मारून. मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना तिच्याकडे टक लावून बघायची. ती कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हती. पोरं ताट पुढं करायची, ती ताटाकडे बघून वाढायची. तिची पुतणी आली की तोंड पार भिंतीकडं फिरवायची.

दोरा तसाच राहिला. आणि त्याच आठवड्यात पुन्हा एक पातळ पेटलं.

वह्या तपासून परत देत होते. त्या हुशार पोरीनं वही घ्यायला हात पुढं केला आणि मी वही सोडली नाही. तिच्या अंगठ्याचं आणि बोटाचं कातडं पांढरं पडून सोललं होतं.

"काय झालं गं?"

"कपड्याच्या सोड्यानं, मॅडम."

मी वही सोडली. शाळा सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दार लोटलं. "कपचे स्पिरिटात टाकत होतीस का घरी नेत होतीस?" एवढंच विचारलं. ती उभ्या जागी खाली बसली.

म्हणजे कपाट, कुलूप, दोरा, सगळ्यांनी झक मारली. माझ्या डोळ्यांदेखत मी मारायला दिलेले कपचे ती बामच्या रिकाम्या बाटलीत राकेलाखाली ठेवून नेत होती. राकेलही माझंच. मला सणक आली. एक ठेवून द्यावी असं वाटलं.

"अगं, काहून केलंस?"

"काकूला काढून देणार होते, मॅडम." ती हुंदके देत होती. "मला वाटलं, दोरीवरचं पेटलं की म्हणतील काका रागावला. माझ्या बायकोला काढून देऊन राहिले म्हणून रागावला. मग भिऊन तिला ठेवून घेतील."

"आणि?"

"देवऋषी उलटंच बोलला. म्हणला, काका न्हाई, काकूच हाय."

"मग तेव्हाच बंद करायचं ना!"

"केलं होतं बंद. तर म्हणले, उतारा लागू पडला, म्हंजे तिचंच होतं. मग ती माहेराला गेली तवा मुद्दाम लावलं. म्हटलं, ती घरात न्हाई तरी पेटतं हे दिसू दे. तर म्हणले, जाताना बघून गेली."

मी डोक्याला हात लावला. एवढी वर्षं मी पोरांना सांगते की पुरावा दाखवा म्हणजे लोक मानतील. इथं या लेकरानं पुरावा दिला, उलटा पुरावा दिला, आणि दोन्ही वेळेस तीच बाई दोषी ठरली.

"आता येत्या अमावशेला तिला शिवेबाहेर नेऊन उतारा करणार हायेत," पोरगी म्हणाली. "तिथूनच साखऱ्याला. परत घरात घ्यायचं न्हाई. अन् काकू माझ्याकडं बघत बी न्हाई, मॅडम. वेणी घालत न्हाई. तिला कळलंय. ती मला कधीच माफ करायची न्हाई."

जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, मला पाठ आहे. पोलिसात गेले असते. पण पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला असता, सोडियम कुणी आणलं, आणि या पोरीचा बाप कसला आहे ते मी बघितलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी दप्तर फेकून दिलं असतं आणि दहावीचा पेपर राहिला बाजूला, उन्हाळ्यात लग्न लावलं असतं. तेव्हा मी ठरवलं की कुणाचं नाव न घेता त्या अंगणातच प्रयोग करायचा. नजर नाही हे एकदा सिद्ध झालं की काकूवरचं किटाळ जाईल. असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाला असं वाटतं.

रविवारी सकाळी गेले. अंगणात घरचे होते, शेजारचे दहा-पंधरा जण जमले. काकू आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, जमिनीकडे बघत. पोरगी माझ्या मागं. मी माझा टॉवेल बादलीत बुडवला, पिळला आणि त्यांच्याच दोरीवर टाकला. सगळ्यांना मागं सरकवलं. घडीत तुकडा ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिले.

"हे बघा, मी बघत नाही. काकू पण बघत नाहीत. कुणीच नका बघू हवं तर."

बघायचं नाही म्हटल्यावर सगळेच बघत होते. आधी धूर निघाला. मग फट् आवाज झाला आणि टॉवेलला जाळ लागला. एक म्हातारी "अगं बाई" म्हणाली. राकेलचा वास अंगणभर पसरला.

सासरे बाजेवर बसले होते. त्यांनी टॉवेलकडे बोट केलं. "म्हंजे नजर न्हाई?"

"नाही, आजोबा."

"कुणाचीच?"

"कुणाचीच नाही. नजरेनं काहीच पेटत नाही."

काकूनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही, सासऱ्याकडं बघितलं नाही. सरळ माझ्या मागं, पोरीकडं बघितलं. पापणी न हलवता बघत राहिली. ओळखलं हिनं, म्हटलं. आता बोट दाखवते.

थोरला दीर पुढं आला. "नजर न्हाई. बराबर. मग ह्ये आणून लावलं कुणी?" आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, ही चीज तुमच्या शाळेतली नं?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागं पोरीनं श्वास घेतला. "बाबा, मी..."

"म्या आणली," काकू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"खिचडी कराया जाते नं. खोलीला खोली लागून हाय. म्याच आणली, म्याच लावली. मला काढून देऊन राहिले व्हते म्हणून."

माझाच संशय तिनं शब्द न् शब्द माझ्यासमोर मांडला. मी खोटं म्हणावं तर पोरगी जाते, खरं म्हणावं तर ही जाते. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिनं मला नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. पोरगी मार्चमध्ये पेपरला बसली, एवढं इथंच सांगून ठेवते.

दीर म्हणाला, "आत्ताच्या आत्ता निघ."

तिची पिशवी भरलेलीच होती. पोरगी तिच्या कमरेला मिठी मारून ओरडत होती, आणि बाप म्हणत होता, "बघा, कसं भारून ठेवलं लेकराला." मी स्कुटी काढली. काकू मागं बसली. गावाच्या बाहेर पडेपर्यंत मला रस्ता धड दिसत नव्हता. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की गाडी वळवून परत जावं आणि सगळं ओकून टाकावं, असं दोनदा वाटलं.

वारंगा फाट्यावर हिंगोलीची गाडी यायला वेळ होता. टपरीवर चहा सांगितला. ट्रक जात होते, धूळ उडत होती. ती शांतपणे चहा फुंकून पीत होती. मला राहवेना.

"पोरीनं तुम्हाला आधी सांगितलं होतं?"

"काय?"

"तीच लावत होती हे."

"न्हाई. तिनं तोंड उघडलं तवा समजलं."

माझा संशय पुन्हा उठून बसला. "मग त्याच्या आधी तिच्याकडं तशा काय बघत होतात? मला वाटलं, ओळखलं तुम्ही."

तिनं ग्लास खाली ठेवला. "मला सांगत व्हते, तुझ्या नजरेनं पेटतं. मी न्हाई न्हाई म्हणायची. मग एक दिवस मी दोरीकडं बघितलं अन् माझ्या डोळ्यादेखत टॉवेल पेटला. मॅडम, त्या दिवशी मला बी खरं वाटलं. म्हटलं, असंल माझ्यात काही. धनी बी गेले, मीच बघितलं असंल त्यांच्याकडं जाताना. कापड जळलं तर जळू दे, पर लेकरू समोर येत व्हतं रोज. तवापासून तिच्याकडं मान वर केली न्हाई. आज तुमी म्हणल्या नजरेनं काही व्हत न्हाई, मग पोटभर बघून घेतलं."

मी रडले, टपरीवाल्यासमोर, भर रस्त्यात. ती रडत नव्हती. तिचा चेहरा मोकळा झाला होता, ताप उतरलेल्या माणसासारखा.

गाडी आली. पिशवी उचलून ती पायरीवर चढली आणि वळली.

"मॅडम, तिनं केस कापले की वो. वेणीच न्हाई राहिली. कवा कापले?"

कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलली. पोरगी रोज माझ्या पुढच्याच बाकावर बसायची, आणि मी फक्त तिची बोटं बघितली होती.